रेजिनाबाई तोरणे आणि नऊ माणसांचे पाय

मी बत्तीस वर्षे भोसरीच्या एका फाउंड्रीत मोल्डर होतो, लोखंड ओतायचे वाळूचे साचे करायचो. काम कोण करतो आणि कोण केल्यासारखे दाखवतो, हे मला लांबून कळते. रेजिनाबाई तोरणे काम करणाऱ्या आहेत. म्हणून हे लिहितो आहे.

कासारवाडीत आमच्या खोल्या शेजारी शेजारी. त्या मूळच्या राहुरीकडच्या. वय सदुसष्ट, अंगाने काटकुळ्या, उंची माझ्या खांद्याइतकीही नाही. पिंपरीच्या एका कारखान्याच्या कँटीनमध्ये त्यांनी सव्वीस वर्षे पातेली घासली. नवरा वारला, मुलगी लग्न होऊन नाशिकला गेली. तेव्हापासून त्या चर्चचे काम बघतात. वेदीवरचे कापड धुणे, इस्त्री, मेणबत्त्या, पाणी. कुणी नेमलेले नाही. एकोणीस वर्षे झाली.

त्यांचे धुणे मी पाहिले आहे. कापडावर मेण सांडलेले असले तर त्या घासत नाहीत. आधी गार पाण्यात ठेवतात, मेण कडक होऊ देतात, मग नखाने एकेक पापुद्रा काढतात. डाग भिजू द्यावा लागतो, ओढाताण केली की सूत तुटते, असे म्हणतात. मी साच्यातली वाळू अशीच हलक्या हाताने काढायचो. त्यामुळे आमचे जमते.

मी ख्रिस्ती नाही. चर्चमध्ये माझे काम म्हणजे बाकांचे पाय आणि खुर्च्यांचे स्क्रू. "मारुतराव, बाक हलतोय," एवढे त्या म्हणाल्या की मी पाने घेऊन जातो.

ईस्टरआधीच्या पवित्र गुरुवारी त्यांच्याकडे पाय धुण्याचा विधी असतो. येशूने शेवटच्या भोजनाच्या वेळी शिष्यांचे पाय धुतले, त्याची आठवण. वेदीसमोर बारा खुर्च्या मांडतात. बारा जण बसतात आणि फादर गुडघे टेकून एकेकाचा पाय धुतात, पुसतात. उजवाच पाय धुतात. त्यामुळे लोक उजवाच पाय घासून येतात. एका वर्षी एका गृहस्थांनी गडबडीत डावा बूट काढला आणि वास तिसऱ्या बाकापर्यंत गेला. तेव्हापासून रेजिनाबाईंचा नियम असा, की मंगळवारी सरावाला बाराही जणांनी मागच्या नळावर यायचे आणि दोन्ही पाय धुऊन दाखवायचे. "फादरांनी पाय धुवायचेत, मळ न्हाई काढायचा," असे त्या सगळ्यांना सांगतात. इंजिनिअर असो की हेडमास्तर, नळावर उभे राहावेच लागते.

बारा जण दरवर्षी साधारण तेच असायचे. यंदा फादर म्हणाले, सहा जण चाकणचे घ्या. फादर तिशीतले, वसईकडचे. चाकणच्या कारखान्यांत झारखंडचे आदिवासी कामगार आहेत, त्यांतले बरेच पिढ्यान्‌पिढ्या कॅथलिक. रविवारी दुपारच्या हिंदी मिस्साला, म्हणजे उपासनेला, येतात आणि बाक रिकामे असले तरी मागे भिंतीला टेकून उभे राहतात. चाकणला त्यांना कुणी लवकर खोली देत नाही. रस्त्यात त्यांना 'जंगली' म्हणून हाक मारतात, आणि ती मारणारे त्यांच्याच लाइनवर काम करतात. चर्चमध्ये 'न्याय आणि शांती' नावाचा पाच जणांचा एक गट आहे. त्याने यंदा हाच विषय घेतला होता. परप्रांतीय कामगारांचा सन्मान. प्रत्येक माणूस देवाची प्रतिमा आहे, असे मोठे पोस्टर फलकावर लावले होते. ते इमॅन्युएल आढाव यांनी छापून आणले होते. आढाव चर्चच्या समितीवर आहेत. बारा खुर्च्यांतली पहिली खुर्ची दरवर्षी त्यांची.

मंगळवारी संध्याकाळी मी खुर्च्यांचे स्क्रू आवळत होतो. मागे नळावर पाय धुणे चालले होते. आढाव अजून आलेले नव्हते. चाकणच्या सहा जणांत अल्बिनुस केरकेट्टा नावाचा एक होता. पस्तिशीचा, सिमडेगा जिल्ह्यातला, दोन मुलींचा बाप. त्याने उजवा पाय धुतला. डाव्या पायातले मोजे काढेना. नको म्हणाला, फादर उजवाच धुतात ना.

रेजिनाबाईंना वाटले, हा चुकारपणा करतोय. त्या म्हणाल्या, हेडमास्तरांनी दोन्ही धुतले, तू कोण लागून गेलास. बाकीचे हसले. तोही हसला, पण पाय मागे घेतला. एकावर एक तीन मोजे होते. रेजिनाबाई खाली बसल्या, त्याची टाच धरली आणि मोज्याचे टोक धरून ओढले.

तो ओरडला नाही. त्याने नळ घट्ट धरला. अगदी आतला मोजाही निघाला आणि त्याबरोबर पायाच्या वरची कातडी निघाली. रेजिनाबाईंच्या हातात मोजा होता आणि मोज्याला ती चिकटलेली होती. त्या तशाच ओल्या फरशीवर बसल्या. नळ चालू होता. तो कुणी बंद केला नाही.

मग त्यांनी मला हाक मारली. "मारुतराव, तुम्ही भट्टीवर होता. हे काय आहे, बघा."

मी पाहिले. वितळलेल्या लोखंडाचा शिंतोडा. बुटाच्या वरून आत गेलेला आणि आतच अडकलेला. मधला भाग पांढरट, कडेला काळा. हळद आणि टूथपेस्ट लावलेली होती, ती जखमेत बसून कडक झाली होती. मी विचारले, किती दिवस झाले. आठ, म्हणाला. आठ दिवस तो या पायाने पूर्ण ड्युटी करत होता. दुखत नाही का, विचारले. मधे दुखत नाही, म्हणाला. ते ऐकून मी जास्त घाबरलो. भाजलेले दुखते. दुखायचे थांबले म्हणजे खाली दुखायला काही उरलेले नसते.

पायात बूट कोणते होते, तेही विचारले. त्याने कोपऱ्यात काढून ठेवलेल्या जोडाकडे बोट केले. साधे कॅनव्हासचे बूट. भट्टीसमोर कॅनव्हास घालणे म्हणजे कागद घालणे. तीस वर्षांपूर्वीही आम्ही ते घालत नव्हतो.

अल्बिनुसने रेजिनाबाईंचे हात धरले. "मौसी, किसी को मत बोलिए." त्याच्या गावचे आणखी नऊ जण त्याच कामावर होते. याचा बोभाटा झाला तर सगळ्यांना कामावरून घालवतील, असे तो सांगत राहिला.

रेजिनाबाईंनी मोजा प्लॅस्टिकच्या पिशवीत घातला, पिशवीला गाठ मारली आणि रिक्षा आणायला सांगितली.

विम्याच्या हॉस्पिटलात डॉक्टरांनी बघितले आणि आम्हांला बाहेर बोलावले. पाय सडायला लागला होता. सडलेले कापून मांडीची कातडी बसवायची, ती दुसऱ्या हॉस्पिटलात. दोन-तीन दिवसांत झाले तर पाय वाचेल. नंतर घोट्यापासून काढावा लागेल. तिकडे पाठवायचे तर कामावर अपघात झाल्याचा कागद हवा. त्यावर ठेकेदाराची किंवा कंपनीची सही हवी. डॉक्टरांनी विचारले, भाजले कसे. अल्बिनुस म्हणाला, घरी गरम पाणी सांडले. त्याला तसे आधीच सांगून ठेवलेले होते.

"पाणी न्हाई. लोखंड," रेजिनाबाई म्हणाल्या. "खोटं लिहून घेऊ नका, डॉक्टर."

मग त्याला विचारले, ठेकेदार कोण. तो खाली बघत म्हणाला, आढाव साब. इमॅन्युएल आढाव.

मला वाटले, नाव तेच पण माणूस दुसरा असेल. रेजिनाबाईंना तसे वाटले नाही. त्यांनी डोक्यावरचा पदर काढून कमरेला खोचला.

बुधवारी सकाळी आम्ही दिघीला आढावांच्या घरी गेलो. इमॅन्युएल आढाव माझ्या ओळखीचे आहेत. माझ्याच फाउंड्रीत होते. मी मोल्डिंगला, ते पोअरिंगला, म्हणजे साच्यात रस ओतायला. १९९१ साली सेफ्टी बुटांसाठी आम्ही अकरा दिवस गेटवर बसलो होतो, त्यात पुढे ते होते. त्यांच्यामुळे बूट आले. पुढे त्यांनी नोकरी सोडून ठेकेदारी धरली. हे मी रेजिनाबाईंना वाटेत सांगितले होते. त्यामुळे आपले काम पाच मिनिटांत होईल, असे मी म्हणालो होतो.

आढावांनी बसवले, चहा सांगितला. सगळे ऐकून घेतले. वाईट वाटले, म्हणाले. पण सही करता येणार नाही. अपघात दाखवला तर कंपनी ठेका काढून घेईल, मग दोनशे माणसांचे काय. हॉस्पिटलचे मी बघतो, कागद नको.

मी विचारले, "बूट का नव्हते, इमॅन्युएल?"

"आपल्या पोरांना दिलेत. यूपीवाल्यांना दिलेत." ते अगदी सरळ बोलले, जसे मालाची प्रत सांगावी. "हे लोक घालत नाहीत, मारुतराव. जंगलात अनवाणी वाढलेले. यांचे पाय आपल्यासारखे नसतात. कातडीच जाड असते."

मी चहाचा कप खाली ठेवला. गेटवर माझ्या शेजारी अकरा दिवस बसलेला माणूस हे बोलत होता.

रेजिनाबाईंनी चहाला हात लावला नव्हता. त्या म्हणाल्या, "साहेब, गावात मेलेलं ढोर ओढायला माझ्या बापाला बोलवायचे. तुमच्या आज्यालाबी बोलवत असतील. तवा लोक म्हणायचे, यांच्या नाकाला वास येत न्हाई. निसर्गानंच तसं केलंय यांना."

आढाव म्हणाले, "ते वेगळं."

रेजिनाबाईंनी पिशवी काढून टेबलावर ठेवली. पारदर्शक पिशवी. आत मोजा. "ही जाड कातडी," त्या म्हणाल्या. आढावांनी तोंड फिरवले. आतून त्यांच्या मिसेस आल्या होत्या, त्या दारातच थांबल्या. आम्ही पिशवी घेऊन निघालो. सही झाली नाही.

संध्याकाळी फादरांनी समिती बोलावली. मला बाहेरच्या बाकावर बसायला सांगितले, पण दार उघडे होते. मला वाटले होते, आढावांना तिथे तोंड वर करता येणार नाही. आढाव आलेच नव्हते, आणि त्यांच्या वतीने बोलायला सगळे होते. हा कंपनीचा विषय आहे, चर्चचा नाही. आढावांनी चर्चसाठी किती केले आहे. सणात नको, ईस्टर झाल्यावर बघू. हे बोलणारे वाईट लोक नाहीत. त्यांतल्या एकाने माझ्या मुलाला दहावीला फुकट शिकवले आहे. न्याय आणि शांतीच्या गटातल्या बाईंनी सुचवले की निषेधाचे एक पत्र तयार करावे. मसुदा ईस्टरनंतर.

"पाय ईस्टरपर्यंत थांबेल का, ते तुम्ही डॉक्टरला इचारलं का?" रेजिनाबाई म्हणाल्या. मग त्यांनी कमरेचा चर्चच्या चाव्यांचा जुडगा काढून टेबलावर ठेवला. उद्या मी नसेन, कापड कपाटात आहे, तांब्या घासून ठेवलाय, एवढे बोलून बाहेर आल्या. एकोणीस वर्षांत त्यांनी एक खाडा केलेला नव्हता.

फादर त्यांच्या मागोमाग आले. चेहरा उतरला होता. म्हणाले, मी तुमच्याबरोबर कंपनीत येतो. त्या नको म्हणाल्या. तुम्ही आलात तर सगळे तुमच्या झग्याकडे बघतील, पायांकडे कुणी बघणार नाही. तुम्ही अल्बिनुसजवळ बसा. ते बरे झाले. गुरुवारी सकाळी ठेकेदाराचा माणूस हॉस्पिटलात कागद घेऊन आला, गरम पाण्याने भाजल्याचा, अंगठ्यापुरती जागा सोडलेला. फादर कॉटवर बसून होते. तो परत गेला.

गुरुवारी दुपारी आम्ही बसने चाकणला गेलो. पहिली शिफ्ट तीनला सुटते. मी कंपनीच्या गेटवर चिठ्ठी दिली. वॉचमन म्हणाला, ठेकेदाराच्या माणसाचे ठेकेदाराशी बोला. साहेब मीटिंगमध्ये आहेत.

तीनला माणसे बाहेर पडली. अल्बिनुसच्या गावचे नऊ जण एकत्र चालत होते, सगळ्यांच्या मागे. रेजिनाबाईंनी त्यांना समोरच्या चहाच्या टपरीजवळ थांबवले. अल्बिनुसचे सांगितले. मग म्हणाल्या, बूट काढा, मला पाय बघू द्या. त्यांनी काढले. पण काही दिसेना. फाउंड्रीतली काळी वाळू घोट्यापर्यंत बसलेली होती. सगळे पाय एकसारखे काळे. टपरीवाल्याचा पाण्याचा ड्रम होता. रेजिनाबाईंनी त्याला विचारले, मग पिशवीतून पंचा काढला, रस्त्याच्या कडेला खाली बसल्या आणि पहिल्याचा पाय मांडीवर घेतला.

तो पाय मागे ओढायला लागला. मौसी, ऐसा मत कीजिए, म्हणत होता. त्यांनी सोडला नाही. या वेळी त्यांनी घाई केली नाही. पाणी हळूहळू ओतले, वाळू भिजू दिली, बोटांच्या मधून काढली. मी ड्रममधून पाणी भरून देत होतो.

गर्दी जमली. कुणीतरी ओरडले, "आज्जी, आमचेबी धुवा की."

"तुझ्या पायात बूट हायेत. घरी जाऊन धू," त्या वर न बघता म्हणाल्या. लोक हसले.

मग हसू थांबले. पहिल्याच्या पायावर वाळू गेली तिथे रुपयाएवढे लाल डाग होते, चार. दुसऱ्याचा पाय चांगला होता. तिसऱ्याच्या पायावर गोल डागांच्या दोन सरळ रांगा होत्या. मला काय ते कळेना. मग कळले. कॅनव्हासच्या बुटाला नाडी ओवायच्या धातूच्या कड्या असतात. त्या तापून एकेक करून पायात उमटल्या होत्या. चौथ्याला दोन नखे नव्हती. मी मोजत गेलो. नऊ जणांत सहा जण भाजलेले होते. एकाची जखम ओली होती. ते रोज या गेटातून आत जात होते आणि बाहेर येत होते.

मघाशी ओरडलेला तो पोरगा बूट घातलेल्या आपल्या पायांकडे बघत उभा होता.

इथे मला एक लिहिलेच पाहिजे. १९९१ साली बूट आले ते आम्हां कायम कामगारांना. आमच्या खात्याच्या मागे, जिथे गरम साचे फोडतात, तिथे ओडिशाची माणसे होती. ती अनवाणीच राहिली. अकरा दिवसांच्या संपात त्यांचे नाव एकदाही निघाले नाही. मी तेरा वर्षे त्यांच्यासमोरून डबा खायला जात होतो. त्यांचे पाय मला आठवत नाहीत, कारण मी कधी पाहिलेच नाहीत.

वॉचमनने आत फोन केला असावा. कंपनीच्या सेफ्टी विभागातल्या सुखदा मॅडम बाहेर आल्या. तिशीच्या आतल्या, डोक्यावर पिवळे हेल्मेट. काय तमाशा आहे, असे विचारायला आल्या होत्या. विचारले नाही. रेजिनाबाईंच्या मांडीवर नाडीच्या खुणांचा तो पाय होता. मॅडम वाकल्या. बराच वेळ वाकलेल्या राहिल्या.

"पण यांना बूट दिलेत," त्या म्हणाल्या. "माझ्याकडे सह्या आहेत. प्रत्येकाची."

नवांपैकी एकालाही मराठी वाचता येत नव्हते. कशावर सह्या केल्या, त्यांना माहीत नव्हते.

रेजिनाबाईंनी ओला हात पंचाला पुसला आणि हॉस्पिटलचा कागद पुढे केला. "पोरी, इथं सही लागती. ठेकेदाराची न्हाईतर कंपनीची. यांच्यातलाच एक तिकडं पडलाय, रात्र झाली तर त्याचा पाय जाईल."

मॅडम कागद घेऊन आत गेल्या. पाऊण तास लागला. त्या वेळात रेजिनाबाईंनी उरलेले पाय धुतले, चांगले होते तेही. मी म्हणालो, आता बघून झाले, पुरे. त्या म्हणाल्या, "निम्मं धुणं मी कधी टाकलंय का?"

कागद सही-शिक्क्यासह आला. मी तो फोनवरून फादरांना पाठवला आणि मूळ कागद घेऊन सरळ हॉस्पिटलात गेलो. अल्बिनुसला साडेसहाला दुसऱ्या हॉस्पिटलात न्यायला गाडीत घातले.

चर्चमधला विधी त्यामुळे मी पाहिला नाही. रेजिनाबाई वेळेवर पोहोचल्या. चाव्या त्याच टेबलावर तशाच होत्या, कुणाची हात लावायची हिंमत झाली नव्हती, असे नंतर कळले. आढाव आले नाहीत. नऊ जणांतले दोघे रेजिनाबाईंबरोबर बसने आले होते, रिकाम्या दोन खुर्च्यांवर ते बसले. बारा जण पुरे झाले. समितीतले लोक पुढच्या बाकावर होते. फादर प्रवचनात काय म्हणाले, ते मला दोघांनी दोन तऱ्हांनी सांगितले. त्यामुळे लिहीत नाही.

आता दोन महिने झाले. आढावांचा ठेका गेला, चौकशी चालू आहे. ते मला रस्त्यात भेटले, ओळख दिली, थांबले नाहीत. नवांपैकी तिघे घाबरून गावी निघून गेले. सहा जणांना बूट मिळाले. मी स्वतः जाऊन ते दाबून पाहिले, पुढे पोलाद आहे.

अल्बिनुसचा पाय वाचला. दोन बोटे गेली. डॉक्टर मला म्हणाले, मोजा त्या दिवशी ओढला नसता तर शनिवारपर्यंत पाय गेला असता. मी हे रेजिनाबाईंना सांगितले. त्यांना पटले नाही. "भिजवून काढायला पायजे हुता," त्या म्हणाल्या. "मला धुण्यातली अक्कल हाय आन् मी ओढला." हे त्या अजूनही म्हणतात. त्या बोटांबद्दल कुणी काही समजूत घातली की उठून कामाला लागतात.

परवा आम्ही हॉस्पिटलात गेलो होतो. अल्बिनुसला पाय टेकायला सांगितले होते. त्याने कॉटची कड धरून टेकला. घाम आला. रेजिनाबाईंनी हात पुढे केला नाही. दारापर्यंत जा, म्हणाल्या. तो गेला, चौदा पावले. दाराला धरून उभा राहिला आणि आमच्याकडे बघून हसला. आता मला बसू द्या, अशी खूण केली.

"कॉट हिकडं हाय," रेजिनाबाई म्हणाल्या. "चालत ये."